आईनं न खाल्लेली पोळी

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत मोडून खायची, पोळी माझी आई करायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळी मंडळी तिच्या हातची पोळी खायची, आणि ती खायची नाही. एवढं एक वाक्य लिहायला मी म्हातारपणापर्यंत थांबले, कारण लिहायला बसले की डोकं तापतं आणि पेन खाली ठेवावं लागतं. लोक म्हणतात वय झालं की राग निवतो. कोणाचा निवत असेल. माझा निवला नाही, आणि निवावा म्हणून मी कधी प्रार्थनाही केली नाही.

तेव्हा आम्ही वरठीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रूळ बदलणारे. आता तिथं कारखाना आहे, सकाळ-संध्याकाळ मोटारसायकलींची रांग लागते; तेव्हा दिवसभर ऐकू यायचं ते फक्त डब्यांना डबे धडकणं आणि इंजिनाची शिट्टी. भिंती इतक्या पातळ की मालगाडी गेली की फळीवरचे कप थरथरायचे. शनिवारी दुपारची पॅसेंजर गेली की आई हातपाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन चुलीपाशी बसायची. गव्हाचं पीठ कापडातून गाळायचं, त्यात मीठ नाही, तेल नाही. त्या पोळीचा तवा वेगळा होता, त्याच्यावर दुसरं काही भाजायचं नाही, म्हणून तो खिळ्यावर एकटाच लटकलेला असायचा. पोळी फुगू नये म्हणून आई तिला काट्यानं टोचे मारायची, भाजून झाली की सुरीनं कडा कापून चौकोनी करायची आणि पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवायची. कापलेल्या कडा मी आणि बाबा चहात बुडवून खायचो. त्या कडांना तर अजून कोणी आशीर्वादही दिलेला नसायचा, साधं गव्हाचं पीठ ते, पण आई तेही तोंडात घालायची नाही.

आई कारध्याची. तिच्या घरचे वैनगंगेत मासे धरणारे. नदीला नारळ द्यायचा, देवीला कोंबड्याचा नवस बोलायचा, पोर आजारी पडलं की काहीतरी सोडायचं आणि बरं झालं की ते परत धरायचं, अशा घरात ती वाढली. बाबांशी तिचं लग्न कसं जमलं तो मोठा गोंधळ आहे, तो इथे नको. लग्नाआधी बाप्तिस्मा झाला, कौसल्याची सारा झाली. कारध्यात मात्र ती शेवटपर्यंत कौसाच राहिली, आणि घरात बाबाही तिला कौसाच म्हणायचे.

चर्चमधल्या बाकीच्या बायका जन्माच्या ख्रिस्ती. कोणाची आजी मिशनच्या अनाथालयात वाढलेली, कोणाचे वडील दवाखान्यात कंपाउंडर. त्यांना गीतं तोंडपाठ, शास्त्रातले संदर्भ तोंडपाठ, आणि त्या आपसात बोलताना आईला ‘ती नवीन’ म्हणायच्या. लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाली तरी ती नवीनच होती. आईला वाचता येत नव्हतं. तिनं सगळी गीतं ऐकून ऐकून पाठ केली. चर्च झाडायचं काम घेतलं, प्रभुभोजनाच्या मेजावरची चादर धुवायचं काम घेतलं. शुक्रवारचा उपवास सगळ्या बायका धरायच्या, आईनं बुधवारचाही धरला. उपवासाच्या महिन्यात चहा सोडला तो ईस्टर झाल्यावरही पुन्हा घेतला नाही. मग मासे सोडले. नदीकाठच्या पोरीनं मासे सोडले, यावरून कळावं काय चाललं होतं ते. मामा महिन्यातून एकदा सायकलवर झिंगे घेऊन यायचा, पळसाच्या पानात बांधलेले. आई ते वांग्यात घालून असे करायची की शेजारचा स्टेशनमास्तरसुद्धा काहीतरी निमित्त काढून दारात यायचा. आणि स्वतः मीठ-मिरचीशी भात खायची.

‘‘काहून वं कौसा,’’ मामा एकदा जेवता जेवता म्हणाला, ‘‘तुया देव मच्छी खात नाही का? मी तं आयकलं का त्याचे चेलेच ढीवर होते.’’

‘‘खाय चुपचाप,’’ आई म्हणाली.

‘‘खाऊनच राहिलो. पण आमची देवी बरी बाप्पा. कोंबडा घेते अन् मोकळी होते. तुयाले घेऊन घेऊन पोटच भरत नाही.’’

बाबा हसले. आई हसली नाही. पूर्वी मामाच्या असल्या बोलण्यावर ती पदरात तोंड घालून हसायची, हे मला आठवतं. हसणंही केव्हातरी सोडलं असावं, त्याची कोणी दखल घेतली नाही इतकंच.

आता माझ्या पायाबद्दल सांगते. मी दोन वर्षांची असताना ताप आला आणि डावा पाय गेला. पोलिओ. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा पाय असाच राहणार, काठी घेऊन चालेल, शाळेत जाईल, सगळं करेल. बाबांनी ते ऐकलं आणि बांबूची काठी तासून दिली, मी वाढत गेले तशा नवीन काठ्या तासत गेले. मला त्या पायाचं फार दुःख कधी नव्हतं, कारण दुसरा कसा असतो ते मला ठाऊक नव्हतं. दुःख मंडळीला होतं. महिला मंडळाच्या सेक्रेटरी मनोरमाबाई, धिप्पाड बाई, प्रार्थना करताना त्यांचा आवाज रुळांपलीकडे जायचा, त्या एके दिवशी आईला म्हणाल्या, ‘‘सारा, घरात जुनं काही राहिलं असन तं काढून टाक. देव विनाकारण पोराईवर हात टाकत नाही.’’ जुनं म्हणजे कारधा. जुनं म्हणजे माझी आजी, मामा, नदीचा नारळ. मी तिथेच उभी होते, सात-आठ वर्षांची. त्यांचा आवाज गोड होता आणि हात आईच्या खांद्यावर होता. त्या हाताचा मला अजून संताप येतो.

पुढच्या उपवास-प्रार्थनेला आई सगळ्यांसमोर उभी राहिली आणि रडत म्हणाली, ‘‘मायी पोरगी काठीबिगर चालत प्रभूच्या मेजापरेंत येईन, त्या दिवशी मी पोळी खाईन. तोपरेंत मी मेजाले शिवणार नाही.’’ हा नवस होता. कारध्याचा अस्सल नवस, फक्त देवीच्या जागी येशू. बायकांना ते कळलं नसेल असं मी मानत नाही. पण मनोरमाबाई जोरात ‘आमेन’ म्हणाल्या, म्हणून बाकीच्याही म्हणाल्या.

आमचे धर्मगुरू म्हणजे पाळकसाहेब, त्यांनी तरी थांबवायला हवं होतं. ते शिकलेले, नागपूरहून आलेले, आणि कृपेवर त्यांच्यासारखं कोणी बोलत नसे. कृपा कमवायची नसते, ती विकत मिळत नाही, ती पुरेशी आहे, माणसानं फक्त रिकामा हात पुढे करायचा, हे ते असं सांगायचे की माझ्या बाबांचेही डोळे ओले व्हायचे. आणि त्याच उपदेशाच्या शेवटी ते म्हणायचे, ‘‘आपल्या साराबाईंचा त्याग पाहा. आपल्यापैकी किती जण देवासाठी असं काही सोडतील?’’ एकाच तोंडानं, एकाच श्वासात. पुढे त्यांनीच ठरवलं की एवढ्या त्यागी बाईच्या हातचीच पोळी मेजावर असावी. आईला तो केवढा मान वाटला. ज्या मेजावर ती जेवणार नव्हती तिथला स्वयंपाक तिला मिळाला, आणि ती घरी येऊन बाबांना सांगताना आनंदानं रडली. मी आज सांगते, उपाशी माणसाला वाढपी करून त्याची वाहवा करणं यासारखा दुष्टपणा मी नंतर कुठे पाहिला नाही, आणि मी बऱ्याच ठिकाणी राहिले आहे.

हे जुन्या काळचं होतं, आता तसं नाही, असं कोणी म्हणू नये. परवाच आमच्या नात्यातल्या एका मुलीनं लांबलचक उपवास धरला आणि रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पाण्याच्या ग्लासाचा फोटो टाकला. खाली हात जोडल्याची चित्रं, ‘ग्रेट सिस्टर’, ‘प्रेरणा मिळाली’. मी लिहिलं, ‘बाई, जेव.’ तेव्हापासून त्या ग्रुपवर माझ्याशी कोणी बोलत नाही.

पहिल्या रविवारी काय व्हायचं ते सांगते. पाळकसाहेब पोळी मोडायचे, मंडळी एकेका बाकावरून उठून पुढे जायची. आमचा बाक आला की बाबा उठायचे. आई पदर पुढे ओढून बसून राहायची, आणि मेजाकडून परतणारा प्रत्येक माणूस आधी आईकडे बघायचा, मग माझ्या पायाकडे. नंतर चर्चच्या अंगणात बायका माझी पोटरी चाचपायच्या, बाजारात दोडका चाचपावा तशी. ‘‘काही फरक वाटते का वं?’’ मी नाही म्हटलं की त्या आईकडे बघून मान हलवायच्या, म्हणजे अजून काहीतरी कमी पडतंय. मग आई आणखी काहीतरी सोडायची. गादी सोडली. चप्पल सोडली. मला कळून चुकलं होतं की माझी आई एका मेजाबाहेर बसली आहे आणि तिला आत आणायचं तर ते माझ्या डाव्या पायालाच जमेल. मी क्वार्टरच्या मागे, सिग्नलच्या तारांशेजारी, काठी टाकून चालायचा सराव करायची. दोन पावलं आणि गिट्टीवर आपटायची. गुडघे फुटायचे. घरी सांगायची की खेळताना पडले.

सोळाव्या वर्षी माझं दृढीकरण, म्हणजे मंडळीसमोर आपला विश्वास कबूल करायचा विधी, ठरलं. त्यानंतर पहिल्यांदा मला मेजाशी जाता येणार होतं. आईनं मनाशी धरलं की देव याच दिवसाची वाट पाहत होता. तिनं तो सगळा आठवडा पाण्यावर काढला. ओठ सुकून फाटले, डोळे आत गेले, आणि तरी तिच्या चेहऱ्यावर असा आनंद की बघवत नव्हता. शनिवारी पोळी लाटताना तिला भोवळ आली. लाटणं हातातून सुटून गडगडत दारापर्यंत गेलं. मी तिला भिंतीला टेकवलं आणि लाटायला बसले, तर तिनं माझा हात ढकलला.

‘‘सर तिकडं. ते मायं काम आहे.’’

‘‘कौसा, बस कर,’’ बाबा दारातून म्हणाले. ‘‘पोरगी चालूनच राहिली ना. काठी घेऊन चालते तं चालते.’’

‘‘तुमाले काय करा लागते? तुमी तं जाऊन खाऊन येता.’’

बाबांनी लाटणं उचललं, धुतलं आणि तिच्यासमोर ठेवलं. त्यांच्या त्या गप्प राहण्याचाही मला राग होता. त्यांच्यासाठीच ती सारा झाली होती.

रविवारी चर्चच्या दारात आईनं माझ्या हातातून काठी काढून घेतली आणि बाहेर भिंतीला टेकवली. म्हणाली, ‘‘आज कायले पायजे?’’ मी तिच्याकडे बघितलं. तिच्या तोंडाला उपाशीपणाचा वास येत होता. मी नाही म्हणू शकले नाही. बाकांना धरत धरत मी आत जाऊन बसले. सगळ्यांना ठाऊक होतं. मनोरमाबाई पहिल्या रांगेत डोळे मिटून पुटपुटत होत्या. पाळकसाहेबांनी त्या दिवशी पुन्हा कृपेवरच उपदेश केला आणि शेवटी म्हणाले, आज आपण देवाचं मोठं काम बघणार आहोत.

माझं नाव घेतलं. मी उठले आणि एकेका बाकाची पाठ धरत पुढे गेले. पहिल्या बाकानंतर मेजापर्यंत मोकळी फरशी होती, धरायला काही नाही. पाळकसाहेब मेजाच्या पलीकडे पोळीची थाळी घेऊन उभे होते. ‘‘ये बेटा,’’ ते म्हणाले, ‘‘विश्वासानं ये.’’ त्यांना चार पावलं चालून इकडे येता आलं असतं. दोन्ही पाय धड होते त्यांचे. मी मागे वळून बघितलं. आई उभी राहिली होती, पदर घसरला होता, फाटक्या ओठांवर जीभ फिरवत ती माझ्या पायाकडे बघत होती. माझ्या तोंडाकडे नाही, पायाकडे. तेव्हा माझ्या आत जे काही पेटलं त्याला विश्वास म्हणत नाहीत एवढं मला नक्की ठाऊक आहे. मी बाक सोडला आणि फरशीवर बसले. पडले नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे पुष्कळांनी सांगितलं की पोरगी पडली. मी मांडी घालता येत नाही म्हणून डावा पाय लांब करून, नीट, जेवायला बसावं तशी बसले.

‘‘मी इथंच बसतो,’’ मी म्हणाले. ‘‘पोळी इथं आणा. अन् आधी माया आईले द्या, ते आठ दिवसाची उपाशी आहे.’’

‘‘बेटा, ऊठ,’’ पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले. ‘‘तुझ्या आईनं देवाला शब्द दिला आहे. तिची इतक्या वर्षांची तपश्चर्या तू मोडू नकोस.’’

‘‘नवस तं आमच्या कारध्यात करतेत,’’ मी म्हणाले. माझा आवाज मोठा झाला होता. ‘‘इथं तं फुकट भेटते म्हणून तुमीच सांगता. आत्ताच सांगतलं. मंग आईले काहून नाही भेटत?’’

बाहेर मालगाडी चालली होती, ती संपता संपेना. आई धावत आली. तिला वाटलं मी पडले. माझ्याजवळ गुडघ्यावर बसून तिनं माझा पाय चाचपला आणि मला काही झालेलं नाही हे कळल्यावर माझा दंड असा धरला की वळ उठले.

‘‘उठ. मायं नाव नको घालवू. उठ म्हणतो ना.’’

‘‘तू खाल्ल्याबिगर उठत नाही.’’

‘‘देवाले शब्द देला मी.’’

‘‘त्यानं मांगतला होता का?’’ मी म्हणाले. ‘‘हा पाय असाच राहाते, आई. तू मरशीन तरी असाच राहाते. मले चालता नाही येत. मले तू जेवलेली पायजे.’’

पाळकसाहेब तसेच उभे होते. मग बाबा उठले. रेल्वेचे जाड बूट वाजवत ते मेजापर्यंत गेले, पाळकसाहेबांच्या हातातून थाळी घेतली, त्यांना विचारलंही नाही, आणि ती आणून आमच्या दोघींच्या मध्ये फरशीवर ठेवली. ‘‘खाय, कौसा,’’ एवढंच म्हणाले. सगळ्या मंडळीसमोर ते तिला कौसा म्हणाले.

आईनं थाळीकडे बघितलं. आदल्या दिवशी तिनंच लाटलेली, तिनंच कापलेली पोळी. मला वाटलं ती उठून जाणार. तिनं एक तुकडा उचलला आणि कडू औषध गिळावं तसा, माझ्याकडे रागानं बघत, तोंडात टाकला. चावला. गिळला. ‘‘झालं तुयं?’’ ती म्हणाली. पण हात थाळीवरून उठला नाही. तिनं दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा. मग ती माझ्या लांब केलेल्या पायाला टेकून फरशीवर बसली आणि दोन्ही हातांनी खायला लागली. ती किती भुकेली होती हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. गालावरून पाणी वाहत होतं आणि ती खात होती. ‘‘सारा, अवं मंडळीले ठेव,’’ मनोरमाबाई मागून म्हणाल्या. आईनं ऐकलं नाही. मला एक तुकडा दिला, बाबांना एक दिला, आणि बाकीची सगळी थाळी तिनं पुसून खाल्ली.

पाळकसाहेबांनी एक गीत घ्यायला सांगितलं आणि कोणालातरी स्टेशनसमोरच्या दुकानात पिटाळलं. आम्ही तिघं बाहेर पडलो. आईनं भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि माझ्या हातात दिली. बाबांनी सायकल धरली, मला कॅरिअरवर बसवलं आणि आम्ही चालायला लागलो. ऊन तापलं होतं. आई अनवाणी सायकलच्या मागे येत होती, ओठाला लागलेलं पीठ पुसत. रेल्वेच्या फाटकापाशी ती थांबली, म्हणून बाबाही थांबले.

‘‘फुकटच होतं,’’ ती म्हणाली, ‘‘तं इतके साल मले कोणी सांगतलं काहून नाही?’’

बाबा रुळांकडे बघत राहिले. तिला उत्तर द्यायला हवं होतं ते सगळे तेव्हा चर्चमध्ये हातपंखे हलवत, दुकानातून येणाऱ्या ब्रेडची वाट बघत बसले होते.